आधी फोन हातात घ्या

माझी तक्रार प्लगपॉइंटपासून सुरू होते. हॅकेथॉनमध्ये, म्हणजे ठरलेल्या तासांत सॉफ्टवेअर बनवून दाखवायच्या स्पर्धेत, सहा जणांच्या टीमला एक टेबल मिळतं आणि त्या टेबलाजवळ भिंतीत एक, फार तर दोन सॉकेट असतात. सहा लॅपटॉप आणि सहा फोन, म्हणजे चार्ज करायच्या बारा वस्तू. त्यातले बरेचसे लॅपटॉप थोरल्या भावंडांकडून आलेले, बॅटरी केव्हाच गेलेली, चार्जर निघाला की बंद पडणारे. मग कुणीतरी घरून आणलेला एक्स्टेंशन बोर्ड, त्यात शेजारच्या टीमचा बोर्ड, त्यात तिसऱ्या टीमचा, अशी वायरींची साखळी हॉलभर पसरते. रात्री चहाला उठलेल्या एखाद्याचा पाय त्यात अडकतो आणि तीन टीमचे लॅपटॉप एकदम बंद होतात. त्याच हॉलच्या दुसऱ्या टोकाला मोठा एलईडी पडदा, रंगीत दिवे आणि स्पीकर दोन्ही दिवस सुरू असतात. म्हणजे वीज कमी नसते. ती टेबलांपर्यंत न्यायची आहे, हे कार्यक्रम आखणाऱ्यांच्या यादीत नसतं.

“सर, एवढं काय त्यात, जरा ॲडजस्ट करा ना,” असं स्वयंसेवक सांगतात. ते दुसऱ्या वर्षाचे विद्यार्थी असतात, स्वतःच दमलेले असतात, त्यांच्यावर माझा राग नाही. पण ॲडजस्ट करायला मी तयार नाही. मी मोबाइल ॲप बनवण्याचं काम करतो. आधी हॅकेथॉनला स्पर्धक म्हणून जात होतो, आता मेंटॉर म्हणून जातो, आणि सगळीकडे तेच बघतो. या मुलांना मोजून दिलेली एकच गोष्ट असते, ती म्हणजे वेळ. तो वेळ किरकोळ कारणांनी जातो, आणि कारण किरकोळ असल्यामुळे त्याबद्दल कुणाला काही वाटत नाही. मला वाटतं. कारण या सगळ्या किरकोळ गोष्टींच्या मुळाशी एकच समज आहे: ॲप चाललं काय आणि नाही चाललं काय, कार्यक्रम नीट पार पडला म्हणजे झालं. माझी खरी तक्रार त्या समजाबद्दल आहे.

हॅकेथॉन हा प्रकार सुरू झाला तेव्हा असा नव्हता. जून १९९९ मध्ये कॅनडातल्या कॅल्गरी शहरात ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवर काम करणारे दहा जण एकत्र जमले. माहिती कूटबद्ध करणाऱ्या सॉफ्टवेअरवर तेव्हा अमेरिकेच्या निर्यात कायद्यांची बंधनं होती. म्हणून अमेरिकेबाहेर एकत्र बसायचं आणि काम करायचं, असं त्यांनी ठरवलं. त्याच महिन्यात सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीच्या जावावन परिषदेत जॉन गेज यांनी जमलेल्या प्रोग्रामरांपुढे एक आव्हान ठेवलं. पाम व्ही हे तळहातावर मावणारं यंत्र तेव्हा नवं होतं. त्याच्यासाठी जावामध्ये असा प्रोग्राम लिहायचा, की जो यंत्राच्या इन्फ्रारेड पोर्टमधून दुसऱ्या पाम यंत्रांशी बोलेल. त्यालाही हॅकेथॉन म्हटलं गेलं. म्हणजे पहिल्याच वर्षी हा शब्द हातातल्या यंत्राला येऊन चिकटला होता. दोन्ही ठिकाणी शेवटी बघायचं एकच होतं: लिहिलेलं चालतं का?

आपल्याकडे २०१७ साली केंद्र सरकारची स्मार्ट इंडिया हॅकेथॉन सुरू झाली आणि हा शब्द तालुक्याच्या इंजिनीअरिंग कॉलेजपर्यंत पोचला. तिच्या सॉफ्टवेअर विभागाची अंतिम फेरी सलग ३६ तासांची. पुढे कित्येक कॉलेजांनी आपापल्या स्पर्धांसाठी तोच साचा उचलला. मला ही गोष्ट मनापासून आवडली होती आणि आजही आवडते. ज्या मुलांनी तोवर फक्त जर्नल उतरवलेलं असतं आणि तोंडी परीक्षेसाठी व्याख्या पाठ केलेल्या असतात, ती पहिल्यांदाच एखादी वस्तू तयार करायला बसतात. रात्री तीन वाजता एखाद्या मुलीच्या फोनवर तिने लिहिलेली पहिली स्क्रीन उघडते तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा असतो. पुस्तकातून न मिळणारं शिक्षण इथे मिळतं. म्हणूनच या ३६ तासांची हेळसांड मला बघवत नाही.

पहिली हेळसांड उद्घाटनाची. वेळापत्रकात सकाळी नऊची वेळ असते. प्रमुख पाहुणे साडेदहाला येतात. मग दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, संस्थेच्या अध्यक्षांचं मनोगत, प्राचार्यांचं प्रास्ताविक, प्रायोजकांची ओळख. प्रत्येक भाषणात तरुणांनी वेळेचं मोल ओळखावं असं सांगितलेलं असतं आणि समोर दोनशे तरुण मांडीवर बंद लॅपटॉप घेऊन बसलेले असतात. टीमला टेबलावर बसायला दुपार होते, पण कोड जमा करायची अंतिम वेळ बदलत नाही, कारण दुसऱ्या दिवशी बक्षीस द्यायला येणाऱ्या पाहुण्यांची परतीची गाडी ठरलेली असते. भाषणांना माझी हरकत नाही. ती आदल्या संध्याकाळी करा, किंवा बक्षीस समारंभात करा. मुलांच्या ३६ तासांत करू नका.

दुसरी हेळसांड वायफायची. पत्रकावर ‘हाय-स्पीड इंटरनेट’ छापलेलं असतं. घरगुती पद्धतीने मांडलेल्या एका राउटरकडे वाटायला साधारण २५४ पत्ते असतात. दोनशे मुलं आली, प्रत्येकाकडे लॅपटॉप आणि फोन, म्हणजे चारशे यंत्रं. उशिरा आलेल्यांना पत्ताच मिळत नाही. त्यांच्या स्क्रीनवर वायफायचं चिन्ह फिरत राहतं आणि मुलं लॅपटॉपला दोष देत तो पुन्हा पुन्हा चालू-बंद करतात. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेलं तीनच आहेत, १, ६ आणि ११. त्यात दर दुसऱ्या टेबलावर कुणीतरी वैतागून फोनचा हॉटस्पॉट लावतं आणि गर्दी आणखी वाढते. हे सगळं आधी ठाऊक असतं. कॉलेजच्या नेटवर्क लॅबमध्ये हाच अभ्यासक्रम शिकवला जातो. तिथल्या सरांना आठ दिवस आधी कुणी बोलावलेलं नसतं, एवढंच.

मोबाइल ॲप करणाऱ्या टीमला या वायफायचा त्रास दुप्पट होतो. वेबसाइट करणारा निदान आपल्या लॅपटॉपवर काही तरी बघू शकतो. अँड्रॉइडचा नवा प्रकल्प उघडला की ग्रेडल हे बिल्डचं साधन आधी स्वतःला उतरवून घेतं, मग एकेक लायब्ररी उतरवतं, आणि ते पूर्ण होईपर्यंत रिकामी स्क्रीनसुद्धा दिसत नाही. एमुलेटर घ्यावा, म्हणजे लॅपटॉपवरच खोटा फोन चालवावा, तर त्याची सिस्टिम इमेज एक जीबीच्या वर. शिवाय अँड्रॉइड स्टुडिओ आणि एमुलेटर दोन्ही चालवायचे तर किमान १६ जीबी रॅम हवी, असं गूगलच्या माहितीपानावरच लिहिलेलं आहे. मुलांच्या लॅपटॉपमध्ये आठ जीबी असते. पंखा घोंगावतो, माउस अडकतो, आणि ‘फोनवरच बघू’ असं ठरतं.

मग केबल. या विषयावर मला सविस्तर बोलायचं आहे, कारण एवढ्याशा वस्तूने इतके तास खाल्लेले मी दुसरीकडे पाहिलेले नाहीत. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच स्वस्त यूएसबी केबलींमध्ये फक्त वीज नेणाऱ्या तारा असतात. माहिती नेणाऱ्या तारा नसतातच. अशी केबल लावली की फोन चार्ज होतो, पण लॅपटॉपला फोन दिसत नाही. मुलांना वाटतं ड्रायव्हरचा घोळ आहे. ती ड्रायव्हर उतरवतात, तोही त्याच वायफायवरून. मग फोनच्या माहितीत जाऊन बिल्ड नंबरवर सात वेळा बोट आपटून डेव्हलपर पर्याय उघडतात, यूएसबी डिबगिंग चालू करतात, अँड्रॉइड स्टुडिओ काढून पुन्हा टाकतात. तास-दीड तास गेल्यावर शेजारच्या टेबलावरून दुसरी केबल येते आणि फोन लगेच दिसतो. अँड्रॉइड ११ पासून वायरीशिवायही फोन जोडता येतो, पण त्याला लॅपटॉप आणि फोन एकाच नेटवर्कवर हवेत आणि त्यांना एकमेकांशी बोलता आलं पाहिजे. कॉलेजच्या वायफायवर सुरक्षेसाठी यंत्रांना एकमेकांपासून तोडून ठेवलेलं असतं. ते कशासाठी, ते मला समजतं. पण हॅकेथॉनच्या दोन दिवसांपुरतं वेगळं नेटवर्क काढता येतं, हेही मला ठाऊक आहे. आयोजकांनी वीस चांगल्या डेटा केबली आणून मदत टेबलावर ठेवल्या, तर त्यांचा खर्च व्यासपीठावरच्या फुलांपेक्षा कमी होईल. ही सूचना मी लेखी दिलेली आहे.

संध्याकाळपर्यंत एक स्क्रीन तयार होते आणि पुढची अडचण येते. ॲपमध्ये नकाशा हवा असतो. तयार नकाशा देणाऱ्या मोठ्या सेवांची किल्ली, म्हणजे एपीआय की, घ्यायची तर बिलिंग खातं उघडावं लागतं आणि त्यासाठी कार्ड लागतं. एकोणीस वर्षांच्या मुलाकडे क्रेडिट कार्ड कुठून असणार? तो रात्री साडेअकराला घरी फोन करतो, “बाबा, कार्डाचा नंबर सांगा ना, पैसे नाही जाणार.” बाबांनी आयुष्यभर फोनवर कार्डाचा नंबर सांगू नये हेच ऐकलेलं असतं, आणि ते बरोबरच आहे. ओपनस्ट्रीटमॅप नावाचा मुक्त नकाशा २००४ पासून आहे, त्याला कार्ड लागत नाही. पण समस्यांची यादी काढणाऱ्याने त्या कागदावर एवढी एक ओळ घातलेली नसते.

लॉगिनसाठी ओटीपी हवा असतो, ती वेगळीच गोष्ट. आपल्या देशात कंपन्यांना एसएमएस पाठवायचा तर स्वतःची, पाठवणाऱ्याच्या नावाची आणि संदेशाच्या मजकुराचीही नोंदणी आधी करावी लागते. त्या व्यवस्थेला डीएलटी म्हणतात. मार्च २०२१ मध्ये तिची कडक तपासणी सुरू झाली तेव्हा बँकांचे आणि आधारचेसुद्धा ओटीपी अडकले आणि दूरसंचार नियामक ट्रायला ती तपासणी आठवडाभर थांबवावी लागली होती. जिथे मोठ्या बँका अडखळल्या तिथे एका रात्रीत सहा विद्यार्थ्यांनी ओटीपी पाठवून दाखवावा, अशी अपेक्षा समस्या लिहिणारे कसे करतात? ओटीपी मागूच नका. नाव टाइप करून आत जाता आलं तरी ॲपचं मूळ काम तपासता येतं.

या सगळ्यातून मुलं वाट काढतात. ती हुशार असतात आणि चिकाटीची असतात. नेमकं काम जमायला लागतं तेव्हा माइक सुरू होतो. “कशी आहे एनर्जी?” असा प्रश्न रात्री दीड वाजता स्पीकरमधून येतो. मग झुंबा, मग गाण्याच्या भेंड्या, मग प्रायोजकाची प्रश्नमंजूषा. ज्यांना पाय मोकळे करायचे असतात ते स्वतः उठतात. त्यांना चहा आणि गच्ची पुरते. पण जी मुलगी तासभर एका चुकीचा माग काढत असते, तिच्या डोक्यात जुळत आलेली साखळी त्या आवाजाने तुटते. ती परत जुळवायला पुन्हा तेवढाच वेळ लागतो. प्रोग्रामिंग करणाऱ्या कुणालाही विचारा, तो हेच सांगेल. शांतता ही हॅकेथॉनची पहिली सुविधा असली पाहिजे. ती द्यायला पैसेही लागत नाहीत.

माझ्याच जमातीबद्दलही मला बोलायचं आहे. मेंटॉर म्हणून आलेले आम्ही लोक तीन फेऱ्यांमध्ये टेबलाटेबलावर जातो. पहिला मेंटॉर सांगतो, वैशिष्ट्यं कमी करा, एकच गोष्ट नीट करा. दुसरा सांगतो, यात ब्लॉकचेन घाला. तिसरा विचारतो, “यात एआय कुठे आहे?” मुलं प्रत्येकाला “हो सर” म्हणतात, कारण याच लोकांच्या हातात गुण आहेत अशी त्यांना भीती असते. मग जे ॲप रात्री बारा वाजता चालत होतं, ते पहाटे पाच वाजता चालत नाही, कारण त्यात न लागणाऱ्या दोन गोष्टी कोंबलेल्या असतात. मेंटॉरने अडलेली चूक सोडवायला मदत करावी. टीमने ठरवलेला रस्ता अर्ध्या रात्री बदलायला लावू नये. आणि दुपारी आलेल्या मेंटॉरने काय सांगितलं, ते रात्रीच्या मेंटॉरला कळेल अशी एक साधी वही टेबलावर असावी.

मुलींच्या बाबतीत जे चालतं ते किरकोळ म्हणताच येणार नाही, पण ते किरकोळ म्हणूनच सोडून दिलं जातं. स्मार्ट इंडिया हॅकेथॉनच्या सहा जणांच्या टीममध्ये किमान एक मुलगी हवी, असा नियम आहे. नियम चांगला आहे आणि त्यामुळे कितीतरी मुली या हॉलपर्यंत आल्या. पण हॉलमध्ये आल्यावर तिला काय काम मिळतं, ते जाऊन पाहावं. “तू पीपीटी कर, तुझं अक्षर-बिक्षर, रंग वगैरे छान असतात, आणि स्टेजवर तूच बोल.” कोड मुलं लिहितात. वर्गात तिला डेटा स्ट्रक्चरमध्ये त्या पाचांपेक्षा जास्त गुण असतात. शिवाय काही ठिकाणी रात्री दहानंतर मुलींना होस्टेलवर जावं लागतं आणि मुलं हॉलमध्ये काम करत राहतात. म्हणजे एकाच स्पर्धेत मुलांना ३६ तास आणि मुलींना त्याहून बरेच कमी. सुरक्षिततेची काळजी खरी आहे; तर मग हॉलला लागूनच विश्रांतीची खोली, महिला प्राध्यापकांची हजेरी आणि स्वच्छ, उजेड असलेलं स्वच्छतागृह, एवढी सोय करा. टीमच्या मुलांनाही माझं सांगणं आहे: तिच्या लॅपटॉपवर प्रकल्प उघडलेला नसेल, तर तुमची टीम सहा जणांची नाही.

आता समस्यांबद्दल. आपल्या भागातल्या जवळजवळ प्रत्येक हॅकेथॉनमध्ये शेतकऱ्यांसाठी ॲप हा विषय असतो, आणि असावाही. पण हॉलमध्ये एकही शेतकरी बोलावलेला नसतो. मुलं अंदाजाने स्क्रीन आखतात. बाजारभावाची सरकारी आकडेवारी रुपये प्रति क्विंटल अशी येते. ॲपमध्ये ती एकक न लिहिता तशीच छापली जाते. कांद्याच्या भावाखाली नुसता आकडा बघून लासलगावच्या आवारात उभ्या असलेल्या माणसाने काय समजायचं? सरकारची ई-नाम ही ऑनलाइन बाजार व्यवस्था १४ एप्रिल २०१६ पासून सुरू आहे. ती कशी चालते, कुठे अडते, हे न बघताच ‘शेतकरी ते ग्राहक थेट’ हे ॲप पुन्हा पहिल्यापासून बनवलं जातं. एक शेतकरी, एक आडत्या आणि बाजार समितीतला एक कारकून असे तिघं जण फक्त दोन तास हॉलमध्ये येऊन बसले, तर निम्म्या टीमची आखणी बदलेल. प्रमुख पाहुण्यांना गाडी पाठवता येते, तशी यांनाही पाठवता येईल.

आणि या ॲपची भाषा इंग्रजी असते. ‘मराठी नंतर घालू,’ असं ठरतं. पहाटे चार वाजता कुणीतरी सगळे शब्द यंत्राकडून मराठीत करून आणतं. मग बटणावरचा मजकूर मावत नाही आणि शेवटची दोन अक्षरं कापली जातात. इंग्रजीसाठी आखलेल्या ओळीत वेलांटी आणि रफार वरून छाटले जातात, उकार खालून. मोठ्या पडद्यावर ठळक अक्षरांत ‘शेतकर्यांसाठी’ असं झळकतं आणि समोर बसलेल्या शंभर मराठी माणसांपैकी एकालाही ते खटकत नाही. मला खटकतं. अँड्रॉइडमध्ये देवनागरी नीट दाखवायची सोय कित्येक वर्षांपासून आहे. प्रत्येक शब्द पहिल्यापासून वेगळ्या फाइलमध्ये ठेवला, तर दुसरी भाषा घालणं हे अर्ध्या तासाचं काम आहे. शेवटी घातलं तर रात्रभराचं. ज्याच्यासाठी ॲप आहे त्याला ते वाचता येत नसेल, तर ते अपुरं आहे, आणि त्याचे गुण कापले गेले पाहिजेत.

गुणांकडे आलोच आहे, तर माझी सगळ्यात मोठी तक्रार इथे सांगतो. परीक्षक ॲप बघत नाहीत. प्रत्येक टीमला पाच मिनिटं मिळतात. त्यातली पहिली दोन प्रोजेक्टर जोडण्यात जातात, कारण प्रोजेक्टरला जुना व्हीजीए लागतो, लॅपटॉपला एचडीएमआय असतं आणि मधला ॲडॉप्टर एकच असतो, तो मागच्या टीमच्या बॅगेत गेलेला असतो. फोनची स्क्रीन लॅपटॉपवर दाखवणारं scrcpy (स्क्रीन कॉपी) नावाचं फुकट साधन २०१८ पासून उपलब्ध आहे, ते कुणी आधी टाकून ठेवलेलं नसतं. उरलेली तीन मिनिटं पीपीटीची. बाजारपेठ किती मोठी, उत्पन्न कुठून येणार, पाच वर्षांत किती वापरकर्ते होणार. ही उत्तरं एकोणीस वर्षांच्या मुलांनी काल रात्री कल्पनेने लिहिलेली असतात आणि परीक्षक ती वहीत उतरवून घेतात. कोडची लिंक फॉर्ममध्ये भरणं सक्तीचं असतं. ती कुणी उघडत नाही. “सर, डेमो दाखवू का?” असं मुलगी फोन पुढे करून विचारते आणि उत्तर येतं, “राहू द्या, कल्पना समजली.”

हे ऐकलं की मला चीड येते. कल्पना समजण्यासाठी कुणाला रात्रभर जागवायची गरज नव्हती. कल्पना एका पानावर लिहून पोस्टाने मागवता आली असती.

ॲप न बघता बक्षीस दिलं की काय होतं, याचं उदाहरण जगाने पाहिलेलं आहे. नोव्हेंबर २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सेल्सफोर्स कंपनीने आपल्या ड्रीमफोर्स परिषदेत मोबाइल ॲपची हॅकेथॉन घेतली. पहिलं बक्षीस दहा लाख डॉलरचं. जिंकलेल्या टीममध्ये कंपनीचा एक माजी कर्मचारी होता आणि त्यांनी दाखवलेल्या ॲपचा काही भाग आधीच तयार होता, असं बाहेर आलं. आपलं ॲप परीक्षकांनी उघडूनही पाहिलं नाही, अशा तक्रारी इतर स्पर्धकांनी जाहीरपणे केल्या. शेवटी कंपनीने दुसऱ्या क्रमांकाच्या टीमलाही बरोबरीचा मान देऊन तितकीच रक्कम दिली. तिथे तक्रारींना एवढं तरी उत्तर मिळालं. आपल्या कॉलेजात पाच-दहा हजारांचं बक्षीस असतं, म्हणून तक्रार करणाराच चिडका ठरतो. पण त्या मुलांनी लावलेले तास तेवढेच असतात आणि अन्यायही तेवढाच असतो. आधीपासून तयार करून आणलेलं ॲप ओळखायला मोठी चौकशी लागत नाही. गिटवरच्या नोंदींच्या वेळा पाहिल्या तरी बरंच कळतं. पण त्यासाठी लिंक उघडावी लागते.

समारंभ संपतो, फोटो होतात, प्रमाणपत्रावर नाव चुकीचं छापलेलं असतं, आणि सोमवारी ॲप मेलेलं असतं. याचाही दोष मुलांना दिला जातो: “चिकाटी नाही आजकालच्या पिढीत.” मी ही गोष्ट मान्य करत नाही. ॲप लोकांपर्यंत न्यायचं तर काय लागतं ते पाहा. प्ले स्टोअरवर खातं उघडायला एकदाच २५ डॉलर, ॲपलकडे दर वर्षी ९९ डॉलर. नोव्हेंबर २०२३ पासून प्ले स्टोअरवर वैयक्तिक खातं उघडणाऱ्यांना आणखी एक अट आहे: ॲप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी ठरावीक संख्येच्या लोकांनी ते सलग १४ दिवस वापरून पाहिलं पाहिजे. आधी ही संख्या २० होती, पुढे ती १२ झाली. अट वाईट नाही. त्यातून कच्ची ॲप्स गाळली जातात. पण म्हणजे ३६ तासांनंतर खऱ्या अर्थाने किमान दोन आठवड्यांचं काम सुरू होतं आणि नेमकं तेव्हाच आयोजक, प्रायोजक, मेंटॉर सगळे निघून गेलेले असतात. मुलांची अंतर्गत परीक्षा असते, सबमिशन असतं. खात्याचे पैसे कुणी भरायचे हेही ठरलेलं नसतं.

हॅकेथॉनमधून टिकाऊ काही निघतच नाही, असंही नाही. ग्रूपमी ही गटागटाने संदेश पाठवण्याची सेवा २०१० साली न्यूयॉर्कमध्ये टेकक्रंच डिसरप्टच्या हॅकेथॉनमध्ये जन्मली आणि पुढच्याच वर्षी स्काइपने ती विकत घेतली. पण ती करणारे दोघे पुढे त्याच कामाला लागले होते, आणि ते पुढे नेण्यासाठी त्यांना पैसे मिळाले होते. टिकण्यासाठी हे लागतं. मुलांना यातलं काहीही न देता टिकाऊपणाची अपेक्षा करणं चुकीचं आहे.

म्हणून मी आयोजकांकडे, प्राचार्यांकडे आणि प्रायोजकांकडे काही गोष्टी मागतो. प्रत्येक टेबलाला सहा सॉकेट द्या. नेटवर्क शिकवणाऱ्या सरांना आठवडाभर आधी हॉल दाखवा. अँड्रॉइड स्टुडिओ, सिस्टिम इमेज आणि नेहमीच्या लायब्रऱ्या पेन ड्राइव्हवर भरून ठेवा, म्हणजे दोनशे जण एकच फाइल दोनशे वेळा उतरवणार नाहीत. केबली ठेवा. घड्याळ भाषणं संपल्यावर सुरू करा. रात्री माइक बंद ठेवा. बक्षिसाची निम्मी रक्कम समारंभात द्या आणि निम्मी ॲप प्ले स्टोअरवर आल्यावर द्या; खात्याचे २५ डॉलर कॉलेजने भरावेत. बारा वापरकर्ते कॉलेजातच मिळतील.

यातलं काहीच जमलं नाही, तरी एक गोष्ट करा. परीक्षकांना सांगा, की पीपीटी सुरू होण्याआधी टीमचा फोन हातात घ्यायचा, ॲप स्वतः उघडायचं, स्वतः बटण दाबायचं आणि काय होतं ते बघायचं. टीमने मध्ये बोलायचं नाही. निम्मे गुण त्यावरच द्यायचे. हा एक नियम आला की बाकीचं आपोआप बदलायला लागेल. ॲप चालण्यावर गुण आहेत म्हटल्यावर वायफाय का चालत नाही हे प्राचार्य स्वतः विचारतील, मेंटॉर नव्या कल्पना सुचवायचं थांबवून चुका शोधायला बसतील, आणि पीपीटी करत बसलेल्या मुलीला टीममधला मुलगा स्वतःहून म्हणेल, ‘हे राहू दे, तू लॉगिन बघ.’ मुलं रात्रभर जागतात ती एक वस्तू चालावी म्हणून. ती चालते की नाही, हे बघणं त्यांना बोलावणाऱ्यांचं काम आहे, आणि ते काम पाच मिनिटांचं आहे.